पाठढालीच्या कोपऱ्यात: बुटक्या नाकतोड्यांची वर्गवारी

मेहकरला पैनगंगेचे पाणी भाद्रपदात जरा ओसरले की काठाला काळ्या गाळाची एक ओली पट्टी उघडी पडते. वरून तडकू लागलेली, आतून भिजलेली, मधेमधे शेवाळाचा पातळ हिरवा थर. त्या पट्टीवर उकिडवे बसावे आणि पाच मिनिटे हलू नये. मग गाळाचे बारके खडे उड्या मारू लागतात. त्यातला एखादा काचेच्या नळीत धरून दहापट भिंगाखाली घेतला की खडा कीटक होतो. लांबी जेमतेम एक सेंटीमीटर, रंग वाळत्या चिखलाचा, आणि डोक्यामागून निघालेली एक खरबरीत, टोकदार ढाल थेट पोटाच्या टोकापलीकडे गेलेली.

हाच बुटका नाकतोडा. शास्त्रीय नाव टेट्रिजिडी कुल. आपल्याकडे वावरात धुऱ्यावर दिसणाऱ्या प्रत्येकाला नाकतोडा म्हणून मोकळे होतात, आणि हा तर इतका लहान की बहुतेकांना ते मोठ्या नाकतोड्याचे पिल्लू वाटते. पण जगात या कुलाच्या सुमारे 2,000 जाती नोंदल्या आहेत आणि त्यांची घराणी लावताना दोनशे वर्षे अभ्यासक अडखळत आले आहेत. कुठल्या अवयवावर भरवसा ठेवायचा, हा या सगळ्या अभ्यासाचा मूळ प्रश्न आहे. डोळ्यात भरणारी लक्षणे इथे फसवतात आणि भिंगाशिवाय न दिसणारी टिकतात, असे माझे मत होत गेले आहे. ते का, ते पुढे सांगतो.

कुल ओळखणे मात्र सोपे आहे. साध्या नाकतोड्यात डोक्यामागच्या पहिल्या वक्षखंडाचे वरचे आवरण खोगिरासारखे आखूड असते. पोट झाकायचे काम वरचे चिवट पंख करतात. बुटक्या नाकतोड्यात काम उलटले आहे. ते आवरण, ज्याला मी इथे पाठढाल म्हणतो, मागे वाढत जाऊन सबंध पोटावर छप्पर घालते, आणि वरचे पंख आखडून बाजूला माशाच्या खवल्याएवढे उरतात. खालचे पंख ज्यांना आहेत त्यांचे ते पंख्यासारखे घडी होऊन ढालीखाली सरकवलेले असतात. दुसरी खूण पावलात. साध्या नाकतोड्याच्या सहाही पावलांना तीन-तीन पेरे. याच्या पुढच्या आणि मधल्या पावलांना दोनच, मागच्याला तीन. दोन नख्यांच्या मधली मऊ गादीही याला नसते. पोटाच्या बाजूला कानाचा पडदा नाही, आवाज काढायची कंगव्यासारखी रचनाही नाही. रातकिड्यांच्या जाती आता त्यांच्या आवाजावरून वेगळ्या करता येतात. इथे तो रस्ताच बंद. जे काय ओळखायचे ते शरीर बघून.

आणखी एक रस्ता बंद आहे, आणि तो जास्त जाचतो. साध्या नाकतोड्यांमध्ये दोन जाती हुबेहूब सारख्या असल्या तरी नराच्या जननेंद्रियाचे टणक भाग काढून पाहिले की निकाल लागतो. बुटक्या नाकतोड्याच्या नरात ते भाग बहुतांशी मऊ, पडद्यासारखे असतात. धरायला टणक आकारच फारसा मिळत नाही. म्हणून या कुलाचा अभ्यासक पुन्हा पुन्हा बाहेरच्या कवचाकडे, म्हणजे पाठढाल, कपाळ आणि पाय यांच्याकडे वळतो.

पाठढालीपासूनच सुरुवात करू, कारण पहिली मोठी वाटणी तिच्यावर झाली. माद्रिदचे इग्नासिओ बोलिवार यांनी 1887 साली या कुलावर जो प्रबंध लिहिला, तिथून आजची बहुतेक घराणी निघाली आहेत. क्रिओटेटिक्स, हेडोटेटिक्स, कॉप्टोटेटिक्स, मझारेडिया, सिस्टोलेडेरस, सॉसुरेला ही भारतीय अभ्यासकाच्या तोंडी रोज येणारी प्रजातींची नावे त्याच प्रबंधातली. बोलिवार यांनी पाहिले ते असे: ढाल दोन्ही बाजूंना खाली उतरते, तिथे तिची एक पाळी होते, आणि त्या पाळीचा मागचा कोपरा सगळ्यांत सारखा नसतो. काहींत तो मुकाट खाली वळलेला, गोलसर असतो. काहींत तो बाहेर फाकतो आणि तिरपा छाटल्यासारखा दिसतो. काहींत तर तो बाहेर येऊन चक्क काटा होतो. पहिले ते टेट्रिजिनी उपकुल, दुसरे मेट्रोडोरिनी, तिसरे सेलिमेनिनी. नदीकाठी, पाटाकडेला, भाताच्या खाचरात जे सर्रास भेटतात ते बहुतेक पहिल्या घराण्यातले.

सेलिमेनिनींची दुसरी खूण मागच्या पायात. पावलाचे पहिले पेर तिसऱ्यापेक्षा लांब असते. सह्याद्रीच्या ओढ्यांत, धबधब्याच्या तुषारांनी भिजणाऱ्या कातळावर राहणारा सेलिमेना हार्पॅगो पाहिला की हे लक्षण कशासाठी आहे ते कळते. त्याच्या मागच्या नळीच्या कडा आणि ते पहिले पेर पसरट होऊन वल्ह्यासारखे झालेले असतात. धोका जाणवला की तो पाण्यात उडी घेतो, पोहतो, बुडीही मारतो. ज्या लक्षणाचा जगण्याशी असा उघड संबंध दिसतो ते मनाला लगेच पटते. पण वर्गवारीत हीच जागा निसरडी आहे. पाण्याकाठी राहणाऱ्या दोन परक्या घराण्यांना एकसारखी वल्ही फुटू शकतात, म्हणून वल्हे दिसले की सोयरीक ठरली असे होत नाही.

बॅट्रॅकिडिनी उपकुलाची बाब वेगळी. त्यांच्यात पाठढालीची पुढची कड सरळ नसते; मधोमध टोक काढून ती डोक्यावर झुकते. ईशान्य भारतात मिळणाऱ्या सॉसुरेलात तर त्या टोकाचे पुढे आलेले शिंग होते. याच्या जोडीला दोन खुणा आहेत. पुढच्या आणि मधल्या मांड्यांच्या वरच्या कडेला लांबट पन्हळ असते, आणि शृंगिकांना म्हणजे मिशांना इतरांपेक्षा जास्त पेरे असतात, अनेकदा वीसच्या वर. एकमेकांशी काही देणेघेणे नसलेल्या तीन अवयवांत तीन खुणा एकत्र दिसल्या की तो गट पक्का समजावा. पुढे जनुकांच्या अभ्यासातही बॅट्रॅकिडिनी हेच बाकीच्या सगळ्यांपासून फार पूर्वी फुटलेले घराणे ठरले आहे.

क्लॅडोनोटिनींचे कपाळ बघावे. प्रत्येक बुटक्या नाकतोड्याच्या कपाळावरून एक उभी धार उतरते आणि मिशांच्या मधे ती दुभंगते. क्लॅडोनोटिनींत ही दुभंगलेली धार इतकी फाकते की मिशांच्या मधे छोटी ढालच तयार होते. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या काही क्लॅडोनोटिनींची पाठढाल उंच, चपटी होऊन वाळक्या पानासारखी उभी राहते. पंख बहुधा नसतात. उरलेली उपकुले थोडक्यात: डिस्कोटेटिजिनींच्या मिशांची टोकाजवळची पेरे चपटी आणि रुंद, ट्रिपेटॅलोसेरिनींच्या मिशा जाडजूड आणि मोजक्या पेरांच्या. बुलडाण्याच्या माणसाला त्यांची गाठ पडण्याचा संभव कमी.

आता पुन्हा मेहकरच्या त्या नळीकडे. पाळीचा कोपरा खाली वळलेला होता, टेट्रिजिनी. पण टेट्रिजिनींत प्रजाती कोणती? इथे ढाल कामाला येत नाही, डोके येते. किड्याला पाठीवरून पाहायचे आणि दोन डोळ्यांमधली जागा एका डोळ्याच्या रुंदीशी ताडून बघायची. टेट्रिक्स या मूळ प्रजातीत ही जागा डोळ्यापेक्षा रुंद असते आणि डोक्याचा माथा डोळ्यांच्या पुढे डोकावतो. युपॅराटेटिक्समध्ये जागा डोळ्यापेक्षा अरुंद. हेडोटेटिक्समध्ये ढालीच्या मधल्या कण्याकडे बाजूने पाहावे. तो पुढच्या भागात उंचावून कमानदार होतो. माझ्या नळीतल्या किड्याचे डोळे फुगून डोक्याच्या वर आलेले होते, मधली जागा चिंचोळी होती, आणि मधल्या पायाच्या मांडीला दोन्ही कडांनी लांब केसांची झालर होती. ही झालर एर्गाटेटिक्सची. विल्यम किर्बी यांनी 1914 साली ब्रिटिश भारताच्या प्राणिमालिकेतल्या नाकतोड्यांच्या खंडात ही प्रजाती वेगळी केली. तिची एर्गाटेटिक्स डॉर्सिफर ही जाती भारतभर ओल्या मातीवर मिळते. फ्रान्सिस वॉकर यांनी तिचे वर्णन 1871 मध्येच केले होते.

ती झालर पहिल्यांदा दिसली तेव्हा मी भिंग खाली ठेवून डोळे चोळले होते. तोवर कित्येक वेळा तोच किडा हाताळला होता, पण प्रकाश वरून पडत होता आणि केस मांडीच्या रंगात मिसळून जात होते. नळी उजेडाकडे धरून मागून प्रकाश येऊ दिला आणि मांडीची कड एकदम झगझगीत केसाळ झाली. एखाद्या गटाच्या ओळखीत प्रकाशाची दिशाही मोडते, हे पुस्तकात कुणी लिहीत नाही, लिहायला हवे.

पावलांचेही असेच. मागच्या पावलाच्या पहिल्या पेराखाली तीन छोट्या गाद्या असतात. त्या तिन्ही सारख्या लांबीच्या आहेत की तिसरी मोठी आहे, त्यांची टोके टोकदार आहेत की बोथट, यावर प्रजातींच्या सारणीतली कित्येक वळणे ठरतात. सुकलेल्या नमुन्यात पाऊल दुमडलेले असते आणि गाद्यांवर चिखल चिकटलेला असतो. तो मऊ कुंचल्याने पुसल्याशिवाय पुढे जाऊ नये. नवीन माणूस हाच टप्पा गाळतो आणि मग ढालीच्या लांबीवर विसंबतो.

ढालीच्या लांबीचा मोह समजण्यासारखा आहे. ती लांबून दिसते, मोजता येते, आकड्यात लिहिता येते. पण एकाच जातीत, एकाच ओलाव्यावर, एकाच मादीच्या पोटी लांब ढालीचे व लांब पंखांचे आणि आखूड ढालीचे व आखूड पंखांचे असे दोन्ही प्रकार निघू शकतात. लिनियसने 1758 मध्ये नाव दिलेल्या, आज टेट्रिक्स सुब्युलाटा म्हटल्या जाणाऱ्या युरोपीय जातीत हे सगळ्यांत नीट अभ्यासले गेले. लांब ढालीचे उडून नव्या पाणवठ्याला जातात, आखूड ढालीचे जागच्या जागी वाढतात. पावसावर जगणाऱ्या आपल्या नाल्यांना हा हिशोब लागू पडावा असाच आहे. पण जुन्या नोंदींत कितीदा तरी लांब ढालीचा एक आणि आखूड ढालीचा दुसरा, अशा एकाच जातीच्या दोन जाती झाल्या आणि पुढच्यांना त्या पुसाव्या लागल्या.

पिल्लांमुळेही असाच गोंधळ होतो. आखूड ढालीचा प्रौढ आणि शेवटच्या कातेआधीचे पिल्लू शेजारी ठेवले तर अनुभवी डोळाही थबकतो. इथे पाळीची मागची कड सोडवणूक करते. पंख असलेल्या प्रौढात त्या कडेला दोन खाचा असतात. खालची नेहमीची, आणि वरची खवल्याएवढा पंख बसायला. पिल्लात ही वरची खाच नसते. मिशांची पेरेही पिल्लात कमी, म्हणून पेरे मोजून उपकुल ठरवण्याआधी समोरचा जीव वयात आला आहे ना, ते पाहावे लागते.

रंगाबद्दल तर बोलायलाच नको, असे कुणी म्हणेल. मी म्हणतो, जरूर बोलावे, पण वर्गवारीसाठी नव्हे. कॅन्सस येथे रॉबर्ट नॅबर्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अनेक वर्षे अमेरिकन बुटके नाकतोडे पाळले, त्यांच्या जोड्या लावल्या आणि पाठीवरच्या पांढऱ्या पट्ट्या, तांबडे डाग, काळे ठिपके हे मेंडेलच्या नियमांनी पिढीजात उतरतात हे दाखवले. एकाच जातीत डझनावारी रंगरूपे! स्वीडनमध्ये अँडर्स फोर्समन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: वणवा लागून गेलेल्या जमिनीवर काळ्या रंगाच्या नाकतोड्यांचे प्रमाण चढते आणि जमीन पुन्हा हिरवी होऊ लागली की काही वर्षांत ते उतरते. आपल्याकडे एका बांधाच्या अलीकडे काळी माती आणि पलीकडे मुरूम असतो. तिथे दोन रंगांचे किडे मिळाले तर दोन जाती म्हणून आनंदून जाऊ नये.

याच संदर्भात जर्मनीत झालेला एक अभ्यास मला विसरता येत नाही. आक्सेल होखकिर्ख आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की टेट्रिक्स सेपेरोई या जातीचे नर शेजारच्या टेट्रिक्स सुब्युलाटाच्या माद्यांमागे लागतात, आणि त्याने सेपेरोईचेच नुकसान होते. म्हणजे ज्यांचे आयुष्य त्या ओळखीवर अवलंबून आहे त्यांनाही ती ओळख पुरती साधत नाही. मग भिंगामागच्या माणसाने सावकाश जावे हेच बरे.

या अभ्यासाची भारतीय बाजू बरीचशी परदेशी हातांनी लिहिली गेली. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातून गेलेल्या किड्यांवर बोलिवार यांनी लिहिले. त्यातला एक भाग 1902 चा. अमेरिकन अभ्यासक जोसेफ हॅनकॉक यांनी 1904 मध्ये श्रीलंकेच्या, 1912 मध्ये बिहारातल्या पुसा येथील कृषी संशोधन संस्थेच्या आणि 1915 मध्ये कोलकात्याच्या इंडियन म्युझियमच्या संग्रहावर काम केले. पुढे 1938-39 च्या सुमारास जर्मनीच्या क्लाऊस ग्युंथर यांनी बोलिवार यांची घराणी उलगडून पुन्हा बांधली. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाच्या शिशोदिया यांनी 1991 साली ईशान्य भारताच्या टेट्रिजिडींवर लिहिलेला प्रबंध हे आपल्या माणसाने केलेले मोठे काम. आणि 2010 मध्ये शिशोदिया, चंद्रा व गुप्ता यांची भारतातल्या सगळ्या नाकतोडे-रातकिड्यांची यादी आली. जुनी पुस्तके वाचणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे: हेच कुल कुठे टेटिजिडी, कुठे अॅक्रिडिनी, कुठे टेट्रिजिनी या नावाने भेटते. नाव बदलले म्हणून प्राणी बदललेला नसतो.

सध्या क्रोएशियाचे योसिप श्केयो, जर्मनीचे योसेफ टुम्ब्रिंक आणि चिनी अभ्यासकांचे गट हा सगळा ढीग पुन्हा उपसत आहेत. जनुकांच्या वंशावळीतून निघालेला निकाल मोठा आहे. बॅट्रॅकिडिनी टिकले. पण मेट्रोडोरिनी, सेलिमेनिनी आणि क्लॅडोनोटिनी हे एका पूर्वजाचे वंशज म्हणून उभे राहत नाहीत. बाहेर फाकलेला कोपरा, काटा, फाकलेले कपाळ ही लक्षणे वेगवेगळ्या फांद्यांवर स्वतंत्रपणे उगवलेली दिसतात. पंख गमावणे तर पुन्हा पुन्हा घडले आहे. बोलिवार यांचे कोपरे म्हणून टाकाऊ ठरत नाहीत. शेतातून घरी आणलेल्या किड्याला पहिल्या खणात टाकायला ते आजही लागतात. मात्र खण म्हणजे घराणे नव्हे, एवढे भान ठेवावे. एकट्या लक्षणावर उभारलेला गट कोसळला आणि तीन असंबंधित लक्षणांवर उभारलेला टिकला, यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही.

कुठल्या लक्षणावर भरवसा ठेवायचा, या प्रश्नासाठी बुलडाणा जिल्हा फार चांगली जागा आहे. अजिंठ्याच्या रांगेतून पैनगंगा निघते, उत्तरेला पूर्णेचे खारपाण खोरे, त्याच्या वर सातपुड्यातले अंबाबरवा, मधे ज्ञानगंगा अभयारण्य. आणि लोणार. बेसॉल्टमध्ये उल्कापाताने पडलेल्या, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या त्या विवरात खारे, क्षारयुक्त सरोवर आहे. 2020 मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण विवराच्या उतारावर धार, रामगया, सीतान्हाणी असे गोड्या पाण्याचे झरे आहेत. काही पावलांच्या अंतरात गोडे पाणी, दलदल आणि क्षारांचा पांढरा काठ अशा तीन पट्ट्या लागतात. बुटका नाकतोडा शेवाळ, हरिता आणि कुजका पाला खाऊन जगतो, तेव्हा ओलाव्याची आणि शेवाळाची अशी झपाट्याने बदलणारी पट्टी त्याच्यासाठी आणि त्याच्या अभ्यासकासाठी सारखीच मोलाची.

जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना म्हणूनच माझी विनंती आहे. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलू नका. बाहेर नाले, पाट, विहिरीचे थारोळे भरपूर आहेत. एकच किडा आणून थांबू नका. एकाच जागचे लांब ढालीचे, आखूड ढालीचे, नर, माद्या, पिल्ले असे सगळे पाहा. टाचणी ढालीच्या उजव्या बाजूने टोचा, म्हणजे मधला कणा शाबूत राहील. फार लहान असेल तर कागदाच्या त्रिकोणी टोकावर चिकटवा. मिशा तुटण्याआधी पेरे मोजून लिहून ठेवा. फोटो पाठीवरून एक, बाजूने एक, कपाळासमोरून एक आणि मागच्या पावलाचा एक, असे चार काढा. पाठीवरून काढलेल्या एका सुंदर फोटोवरून प्रजाती ठरत नाही. चिठ्ठीवर गावाचे नाव, तारीख आणि पाणी किती हातांवर होते ते लिहा. रंग शेवटी लिहा.